सीसीआर-५ जनुक : रोगप्रतिकारशक्ती, एचआयव्ही आणि कर्करोग यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रोगप्रतिकारक पेशींना शरीरात योग्य ठिकाणी पोहोचविण्याचे कार्य केमोकाइन नावाची लहान प्रथिने आणि त्यांना ओळखणारे पेशीपटलावरील ग्राही करीत असतात. या ग्राहींपैकी सीसीआर-५ हा ग्राही एचआयव्हीचे प्रवेशद्वार म्हणून १९९६ मध्ये प्रकाशात आला. त्यानंतर कर्करोगाच्या प्रसारातही त्याचा सहभाग असल्याचे दिसून आले. प्रस्तुत लेखात या जनुकाची रचना व कार्य, डेल्टा-३२ हे उत्परिवर्तन, भारतीय लोकसंख्येतील त्याचे अत्यल्प प्रमाण, कर्करोगातील त्याची दुहेरी भूमिका आणि उपचारांच्या शक्यता यांचा महाराष्ट्राच्या संदर्भात परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : केमोकाइन, ग्राही, सीसीआर-५, डेल्टा-३२, एचआयव्ही, कर्करोग, अस्थिमज्जा प्रत्यारोपण

१. प्रस्तावना

पदवी स्तरावर रोगप्रतिकारशास्त्र शिकविताना आपण प्रतिजन, प्रतिपिंड, टी-पेशी व बी-पेशी यांचे सविस्तर विवेचन करतो. मात्र एक साधा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. पायाच्या अंगठ्याला काटा रुतला, तर तेथे जंतुसंसर्ग झाल्याची वार्ता रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशीला कशी कळते? ती नेमकी त्याच ठिकाणी रक्तवाहिनीतून बाहेर का पडते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता विज्ञान गेल्या चार दशकांत केमोकाइन आणि त्यांचे ग्राही या विषयापर्यंत पोहोचले आहे.

विषय समजण्यासाठी आपल्या परिसरातील एक उदाहरण घेता येईल. पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळचा फाटा आहे. पुण्याहून येणाऱ्या वाहनांपैकी ज्यांना भोरला जायचे ते येथे उजवीकडे वळतात, ज्यांना नारायणपूर-सासवडकडे जायचे ते डावीकडे वळतात, आणि उरलेली वाहने सरळ शिरवळकडे निघून जातात. रस्ता सर्वांचा एकच, फाटाही एकच. पण कोणती पाटी आपल्यासाठी आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असते. रक्तवाहिनी हा असाच महामार्ग होय. केमोकाइन ही त्यावरील पाटी आणि ग्राही ही ती पाटी वाचणारी दृष्टी, असे म्हणता येईल. ज्या पेशीजवळ विशिष्ट ग्राही नाही, तिच्या दृष्टीने ती पाटी कोरीच असते.

हे उदाहरण येथवरच खरे आहे. प्रत्यक्षात एकच पाटी अनेक ग्राही वाचू शकतात आणि एक ग्राही अनेक पाट्या वाचू शकतो. या व्यवस्थेतील गुंतागुंत आणि तिच्यावर आधारित उपचारांतील अडचणी बऱ्याच अंशी यातूनच उद्भवतात.

२. केमोकाइन आणि त्यांचे ग्राही

'केमोकाइन' हा शब्द रासायनिक आकर्षण घडवून आणणारी सायटोकाइन या अर्थाने रूढ झाला. मानवी शरीरात सुमारे पन्नास केमोकाइन आणि सुमारे वीस ग्राही ज्ञात आहेत. केमोकाइन प्रथिनांच्या आरंभीच्या भागात सिस्टीन या अमिनो आम्लाचे रेणू ज्या क्रमाने असतात, त्यावरून त्यांचे वर्गीकरण केले जाते. दोन सिस्टीन लागोपाठ असल्यास सीसी, त्यांच्यामध्ये एक अन्य अमिनो आम्ल असल्यास सीएक्ससी, तीन असल्यास सीएक्स-३-सी आणि त्या भागात एकच सिस्टीन असल्यास एक्ससी असे गट केले जातात. ग्राहीच्या नावातील 'आर' हे अक्षर रिसेप्टरचे होय. यावरून सीसीआर-५ म्हणजे सीसी गटातील केमोकाइन ओळखणारा पाचव्या क्रमांकाचा ग्राही, हे स्पष्ट होते.

पेशी रक्तातून बाहेर पडण्याची क्रिया टप्प्याटप्प्याने होते. संसर्ग झालेल्या ऊतीतील रक्तवाहिनीच्या आतील अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू प्रकट होतात. त्यांना अडखळत पांढरी पेशी अस्तरावरून हळूहळू गडगडत जाते. तेथे अस्तराला चिकटून असलेले केमोकाइन तिच्या ग्राहीला भेटते. ग्राहीकडून पेशीच्या आत संदेश जातो आणि इंटिग्रिन हे चिकटण्याचे रेणू कार्यान्वित होतात. पेशी जागीच थांबते, आकार बदलते आणि अस्तरातील पेशींच्या सांध्यांतून ऊतीत उतरते. त्यानंतर केमोकाइनचे प्रमाण जिकडे वाढत जाते तिकडे ती सरकू लागते.

केवळ संसर्गाच्या वेळीच हे घडते असे नव्हे. अस्थिमज्जेतील मूळपेशी तेथेच टिकून राहणे, टी-पेशींनी लसिका ग्रंथींत जाणे, गर्भावस्थेत अवयवांची घडण होणे या सर्वांत केमोकाइनचा सहभाग असतो. सीएक्ससीआर-४ या ग्राहीच्या जनुकातील दोषामुळे पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेतच अडकून पडतात आणि रुग्णाला वारंवार संसर्ग होतो. 'व्हिम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुर्मीळ विकाराचे जनुकीय कारण २००३ मध्ये स्पष्ट झाले. पेशी तयार झाल्या म्हणजे प्रतिकारशक्ती सिद्ध झाली असे नसून त्या योग्य जागी पोहोचणेही तितकेच आवश्यक आहे, हे यावरून दिसून येते.

३. सीसीआर-५ जनुक : रचना व कार्य

सीसीआर-५ चे जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. सीसीआर-१, सीसीआर-२ व सीसीआर-३ यांची जनुकेही त्याच्या शेजारीच असल्यामुळे एकाच पूर्वज जनुकाच्या द्विगुणनातून ही मालिका निर्माण झाली असावी असे मानले जाते. या जनुकापासून ३५२ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. ते पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते आणि आतील बाजूस जी-प्रथिनाशी संलग्न असते. डोळ्यातील प्रकाशग्राही ऱ्होडॉप्सिन तसेच ॲड्रेनॅलिनचे ग्राही याच मोठ्या कुळातील आहेत.

सीसीआर-५ हा प्रामुख्याने स्मृती टी-पेशी, महाभक्षी पेशी आणि डेंड्रायटिक पेशी यांच्यावर आढळतो. सीसीएल-३, सीसीएल-४ आणि सीसीएल-५ ही त्याला जोडली जाणारी मुख्य केमोकाइन होत. यांपैकी सीसीएल-५ हे जुन्या ग्रंथांत 'रँटीस' या नावाने आढळते. विषाणू वा पेशींच्या आत वाढणारे जिवाणू यांचा संसर्ग झाल्यावर ही केमोकाइन स्रवतात आणि सीसीआर-५ धारण करणाऱ्या पेशी तेथे गोळा होतात. म्हणजेच हा ग्राही मूलतः आपल्या संरक्षणासाठी आहे.

४. संरक्षकाचे द्वार आणि विषाणूचा प्रवेश

एचआयव्ही हा सीडी-४ या रेणूला चिकटून टी-पेशीत शिरतो, हे १९८० च्या दशकातच ज्ञात झाले होते. परंतु केवळ सीडी-४ असून भागत नाही, हेही प्रयोगांतून दिसत होते. मानवी सीडी-४ उंदराच्या पेशीवर बसविला तरी विषाणूला आत शिरता येत नव्हते. दुसरे काहीतरी आवश्यक होते. १९९५ च्या अखेरीस रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने सीसीएल-३, सीसीएल-४ व सीसीएल-५ ही तीन केमोकाइन एचआयव्हीला रोखतात असे दाखविले. १९९६ च्या मे महिन्यात सीएक्ससीआर-४ आणि जूनमध्ये सीसीआर-५ हे विषाणूचे सहग्राही असल्याचे सिद्ध झाले. तीन केमोकाइनचा परिणाम का होत होता याचा उलगडाही त्याबरोबरच झाला: ज्या ग्राहीला केमोकाइन आधीच जोडले गेले आहे, तो विषाणूला उपलब्ध होत नाही.

त्याच वर्षी आणखी एक कोडे सुटले. वारंवार एचआयव्हीच्या संपर्कात येऊनही काही व्यक्तींना संसर्ग होत नव्हता. त्यांच्यापैकी काहींच्या सीसीआर-५ जनुकातील ३२ आधारकजोड्या गळालेल्या असल्याचे आढळले. यालाच डेल्टा-३२ असे म्हणतात. ३२ ही संख्या तीनने विभाज्य नसल्यामुळे पुढील संपूर्ण वाचनचौकट बिघडते, प्रथिन अपुरे तयार होते आणि ते पेशीपटलापर्यंत पोहोचतच नाही. माता व पिता या दोहोंकडून हे उत्परिवर्तन मिळालेल्या व्यक्तीच्या पेशींवर सीसीआर-५ नसतो आणि त्या द्वारे येणाऱ्या एचआयव्हीला ती व्यक्ती जवळजवळ पूर्ण प्रतिरोध करते. एकाच पालकाकडून ते मिळाले असल्यास संसर्ग होऊ शकतो. मात्र आजाराची वाटचाल मंदावते. येथे 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सीएक्ससीआर-४ चा वापर करणारे विषाणू अशा व्यक्तींनाही बाधित करू शकतात.

५. भारतीय लोकसंख्या आणि महाराष्ट्राचा संदर्भ

ही माहिती वर्गात सांगितली की, "मग आपल्यात असे किती लोक असतील?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर हार्डी-वाइनबर्ग नियमाच्या साध्या गणिताने देता येते. युरोपीय वंशाच्या लोकांत डेल्टा-३२ ची जनुकवारंवारता सुमारे १० टक्के आहे. दोन्ही प्रती तशाच असण्याची शक्यता ०.१ × ०.१ म्हणजे १ टक्का, अर्थात शंभरात एक. भारतीय समूहांच्या अभ्यासांत हे उत्परिवर्तन बहुधा आढळतच नाही; आढळले तरी त्याचे प्रमाण फारच अल्प असते. वारंवारता १ टक्का धरली तरी दोन्ही प्रती असणारी व्यक्ती दहा हजारांत एक, आणि अर्धा टक्का धरली तर चाळीस हजारांत एक येते. भारतीय समाजातील अंतर्विवाही गटांमुळे हे गणित काटेकोरपणे लागू पडणार नाही. परंतु निष्कर्षाची दिशा त्यामुळे बदलत नाही. या नैसर्गिक संरक्षणावर आपला समाज विसंबून राहू शकत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारतात एचआयव्ही-१ चा 'सी' हा उपप्रकार प्रामुख्याने आढळतो. हा उपप्रकार पेशीत शिरण्यासाठी मुख्यतः सीसीआर-५ चाच वापर करतो, आणि आजार पुढे सरकल्यावरही सीएक्ससीआर-४ कडे वळण्याची त्याची प्रवृत्ती 'बी' उपप्रकाराच्या तुलनेत कमी असते. म्हणजेच ज्या विषाणूचे द्वार सीसीआर-५ आहे तोच विषाणू येथे प्रबळ, आणि ज्या समाजात ते द्वार जन्मतः बंद असणारे लोक जवळजवळ नाहीत तोच समाज त्याच्यासमोर, अशी आपली स्थिती आहे. देशात सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत आणि संख्येच्या दृष्टीने महाराष्ट्र त्यांत पहिल्या क्रमांकावर आहे.

या पार्श्वभूमीवर पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे कार्य उल्लेखनीय ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था आता विषाणुशास्त्राच्या व्यापक क्षेत्राचा समावेश करून नव्या नावाने कार्यरत आहे. एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी झाली होती. त्यात पुण्याचे केंद्रही होते. जोडीदारांपैकी बाधित व्यक्तीला लवकर उपचार सुरू केल्यास दुसऱ्या जोडीदारास तिच्याकडून होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असा या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. भारतात शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले होते, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारण्यात आले. जनुकाने जे संरक्षण युरोपातील शंभरांतल्या एकास दिले, त्याच्या जवळपास जाणारे संरक्षण नियमित औषधांद्वारे कोणाच्याही जोडीदारास मिळू शकते. विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यासारखी ही बाब आहे.

६. बर्लिनचा रुग्ण आणि आपला रुग्ण

सीसीआर-५ आणि कर्करोग यांची गाठ एका रुग्णाच्या निमित्ताने सर्व जगासमोर आली. बर्लिन येथे राहणारे अमेरिकन नागरिक टिमोथी रे ब्राउन हे एचआयव्हीबाधित होते आणि २००६ मध्ये त्यांना तीव्र रक्तकर्करोग झाला. त्यांचे डॉक्टर गेरो ह्यूटर यांनी अस्थिमज्जेसाठी केवळ ऊतिगट जुळणारा दाता न शोधता डेल्टा-३२ च्या दोन्ही प्रती असणारा दाता शोधण्याचे ठरविले. तपासलेल्या दात्यांपैकी एकसष्टावा दाता तसा निघाला. २००७ मध्ये पहिले आणि २००८ मध्ये दुसरे मूळपेशी प्रत्यारोपण झाले. एचआयव्हीची औषधे बंद करूनही विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ब्राउन यांचे निधन रक्तकर्करोग उलटल्यामुळे झाले, एचआयव्हीमुळे नव्हे. त्यांच्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ आणि इतर ठिकाणच्या मोजक्या रुग्णांतही असेच यश मिळाले. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जिनिव्हाच्या रुग्णाचा दाता मात्र डेल्टा-३२ धारक नव्हता, तरीही विषाणू परतला नाही; त्यामुळे या यशात नव्या प्रतिकारक पेशींनी जुन्या बाधित पेशींचा केलेला नाशही कारणीभूत असावा, असे मानण्यास आधार मिळतो.

आता हाच प्रसंग महाराष्ट्रातील रुग्णाच्या बाबतीत कल्पून पाहावा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे तंत्र आपल्याकडे नवीन नाही. देशातील पहिले प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. परंतु ऊतिगट जुळणारे दाते बहुधा स्वतःच्याच समाजात सापडतात, आणि आपल्या समाजात डेल्टा-३२ जवळजवळ नाही. ऊतिगटही जुळावा आणि हे उत्परिवर्तनही असावे, अशी व्यक्ती मराठी रुग्णाला मिळण्याची शक्यता नगण्य ठरते. याशिवाय प्रत्यारोपणात जिवाचा धोका मोठा असल्यामुळे कर्करोग नसलेल्या एचआयव्हीबाधितासाठी हा मार्ग कोणीही सुचवीत नाही. 'एड्स बरा झाला' अशा मथळ्यांखाली येणाऱ्या बातम्या वाचून औषधे सोडण्याचा विचार एखाद्या रुग्णाच्या मनात आला, तर त्याची किंमत त्याला प्राणाने मोजावी लागेल. म्हणून या बातमीतील आशेबरोबरच तिची मर्यादा सांगणे हे विज्ञानाच्या शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

७. कर्करोगातील दुहेरी भूमिका

कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्या दूरस्थ प्रसारामुळे होतात. हा प्रसार यादृच्छिक नसतो. स्तनाचा कर्करोग हाडे, फुप्फुसे, यकृत अशा ठरावीक ठिकाणीच अधिक जातो, हे स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये बी आणि जमीन या उपमेने सांगितले होते. बी कोठेही पडले तरी अनुकूल जमिनीतच रुजते, असा त्याचा आशय. या निरीक्षणामागील एक रेणवीय कारण २००१ मध्ये पुढे आले. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ व सीसीआर-७ हे ग्राही मोठ्या प्रमाणात असतात, आणि ज्या अवयवांत हा कर्करोग पसरतो तेथे त्यांची केमोकाइन विपुल असतात, असे दिसून आले. पांढऱ्या पेशींसाठी लावलेल्या पाट्या कर्करोगाच्या पेशीही वाचू लागतात, असाच याचा अर्थ होय.

सीसीआर-५ च्या बाबतीत २००७ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून आलेले संशोधन महत्त्वाचे आहे. गाठीभोवतीच्या मेसेंकायमल मूळपेशी सीसीएल-५ स्रवतात आणि ते स्तनाच्या कर्करोगपेशींवरील सीसीआर-५ ला जोडले गेल्यावर त्या पेशींची पसरण्याची क्षमता वाढते, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले. सीसीएल-५ मुळे आणखीही काही घडते. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी आणि गाठीला पोषक ठरणाऱ्या महाभक्षी पेशी यांच्यावरही सीसीआर-५ असतो. त्या गाठीत शिरल्या म्हणजे तेथे आलेल्या मारक पेशी निष्प्रभ होतात.

असे असेल तर सीसीआर-५ बंद करावा, म्हणजे कर्करोग आटोक्यात येईल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु कर्करोगपेशींचा नाश करणाऱ्या सीडी-८ टी-पेशींवरही हाच ग्राही असतो. गाठीत सीसीएल-५ असणे हे काही कर्करोगांत टी-पेशींच्या चांगल्या उपस्थितीशी, पर्यायाने इम्युनोथेरपीच्या चांगल्या प्रतिसादाशीही निगडित आढळते. एकाच फाट्यावरून पोलीसही वळतात आणि चोरही. रस्ता बंद केल्यास दोघांचीही वाट अडते. कोणाची अधिक अडेल हे त्या त्या गाठीतील परिस्थितीवर अवलंबून राहते. म्हणूनच 'सीसीआर-५ कर्करोगास कारणीभूत आहे' किंवा 'सीसीआर-५ कर्करोगापासून वाचवितो' ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. बीआरसीए-१ प्रमाणे हे कर्करोगाची आनुवंशिक प्रवणता ठरविणारे प्रमुख जनुक नव्हे. त्याची भूमिका गाठीच्या परिसरात, पेशींच्या येण्याजाण्यात आहे.

८. उपचारांची सद्यःस्थिती

सीसीआर-५ ला अवरोध करणारे मॅराव्हिरॉक हे औषध अमेरिकेत २००७ मध्ये एचआयव्हीसाठी मंजूर झाले. रुग्णातील विषाणू सीसीआर-५ चाच वापर करतो याची चाचणी करूनच ते द्यावे लागते. हेच औषध कर्करोगात उपयोगी पडेल काय, याची चाचपणी नंतर झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या थोड्या रुग्णांवर जर्मनीत झालेल्या अभ्यासात गाठीतील महाभक्षी पेशींचे वर्तन कर्करोगविरोधी दिशेने बदलल्याचे २०१६ मध्ये नोंदविले गेले. पुढे इम्युनोथेरपीच्या औषधाबरोबर ते देऊन पाहता प्रतिसाद मर्यादितच राहिला. लेरोनलिमॅब या सीसीआर-५ विरोधी प्रतिपिंडाच्या चाचण्या स्तनाच्या त्रि-नकारात्मक कर्करोगातही झाल्या आहेत. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा हा प्रकार अधिक प्रमाणात आढळत असल्याने या दिशेकडे आपले लक्ष असणे स्वाभाविक आहे. तथापि कर्करोगावरील उपचार म्हणून सीसीआर-५ विरोधी कोणत्याही औषधाला अद्याप प्रस्थापित स्थान मिळालेले नाही.

याच कुळातील इतर ग्राहींच्या बाबतीत मात्र यश अधिक ठोस आहे. सीसीआर-४ विरोधी मोगॅम्युलिझुमॅब हे प्रतिपिंड टी-पेशींच्या एका रक्तकर्करोगासाठी जपानमध्ये २०१२ मध्ये आणि त्वचेतील टी-पेशी लसिकार्बुदासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. सीएक्ससीआर-४ ला अवरोध करणारे प्लेरिक्साफोर हे औषध २००८ पासून मूळपेशी अस्थिमज्जेतून रक्तात आणण्यासाठी वापरले जाते. पाटी झाकली म्हणजे पेशी मुक्काम सोडून रस्त्यावर येतात, या साध्या तत्त्वाचा हा उपयोग होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत आश्वासक क्षेत्र कार-टी पेशी उपचारांचे आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखणारा कृत्रिम ग्राही देऊन त्या परत सोडणे, असे त्याचे स्वरूप आहे. बी-पेशींच्या रक्तकर्करोगांत तो उपयुक्त ठरतो, कारण तेथे कर्करोगपेशी रक्तात, अस्थिमज्जेत वा लसिका ग्रंथींत म्हणजे टी-पेशींच्या नेहमीच्या वाटेवरच असतात. स्तन, आतडे, स्वादुपिंड यांच्या घट्ट गाठींत शिरणे मात्र त्यांना कठीण जाते. गाठ जी केमोकाइन स्रवते ती वाचणारा ग्राही कार-टी पेशींवर पुरेसा नसणे, हे त्याचे एक कारण आहे. म्हणून जगभरातील प्रयोगशाळांत कार-टी पेशींना कर्करोग ओळखणाऱ्या ग्राहीबरोबरच योग्य केमोकाइन ग्राहीही बसवून देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. शस्त्राबरोबर पत्ताही देणे, असे याचे वर्णन करता येईल.

९. 'निरुपयोगी' जनुकाचा भ्रम आणि नैतिक प्रश्न

डेल्टा-३२ च्या दोन्ही प्रती असणारे युरोपीय लोक निरोगी जीवन जगतात. त्यामुळे सीसीआर-५ नसला तरी चालते, अशी समजूत काही काळ प्रचलित होती. २००६ मध्ये अमेरिकेतील अभ्यासातून असे दिसले की, वेस्ट नाईल विषाणूची बाधा झालेल्या रुग्णांत डेल्टा-३२ च्या दोन्ही प्रती असणारे लोक अपेक्षेपेक्षा अधिक आहेत. सीसीआर-५ नसल्यास टी-पेशी मेंदूतील संसर्गाच्या जागी पुरेशा पोहोचत नाहीत, हे त्याचे संभाव्य कारण होय. एका विषाणूपासून वाचविणारे उत्परिवर्तन दुसऱ्या विषाणूसमोर उणे ठरते. २०१९ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात अशा व्यक्तींचा मृत्युदर अधिक असल्याचा दावा करण्यात आला. परंतु जनुकप्रकार ओळखण्याच्या पद्धतीतील दोष लक्षात आल्यावर तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आला. समीक्षित नियतकालिकातील निष्कर्षही अंतिम नसतो आणि चूक मान्य करणे हा विज्ञानाचा दोष नसून गुण आहे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधील हे जियानक्वी यांनी केलेल्या घोषणेचे गांभीर्य लक्षात येते. त्यांनी मानवी भ्रूणांत सीसीआर-५ जनुकाचे संपादन केले होते आणि त्यातून जुळ्या मुली जन्माला आल्या होत्या. घडून आलेले बदल नैसर्गिक डेल्टा-३२ सारखेही नव्हते. ते पुढील पिढ्यांत संक्रमित होऊ शकतात, आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची संमती घेणे शक्यच नव्हते. २०१९ च्या अखेरीस त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. भारतात २०१९ च्या जनुकोपचारविषयक राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जननपेशींतील असे बदल निषिद्ध आहेत.

आपल्या समाजाशी निगडित आणखी एक उदाहरण येथे नमूद करणे उचित ठरेल. सीसीआर-५ ज्या भुजेवर आहे, तिच्याच एका भागात कोविड-१९ च्या तीव्रतेशी निगडित असा निअँडरथल मानवाकडून आलेला जनुकखंड आहे. सीसीआर-९ व सीएक्ससीआर-६ या ग्राहींची जनुकेही त्याच परिसरात आहेत. २०२० मधील संशोधनानुसार दक्षिण आशियातील सुमारे निम्मे लोक हा खंड धारण करतात, तर युरोपातील केवळ १६ टक्के. कोणते जनुक प्रत्यक्ष कारणीभूत आहे याविषयी मतभिन्नता असून शेजारच्याच अन्य एका जनुकाकडेही अंगुलिनिर्देश केला जातो. डेल्टा-३२ ची देणगी युरोपकडे अधिक आणि हा जोखमीचा वारसा आपल्याकडे अधिक, असे दिसत असले तरी यातून कोणत्याही समाजाचे श्रेष्ठत्व वा कनिष्ठत्व सिद्ध होत नाही. दुसऱ्या एखाद्या साथीत हेच पारडे उलट झुकू शकते. मात्र युरोपीय लोकांच्या अभ्यासावरून निघालेले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे यातून निश्चितपणे सिद्ध होते. आपल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास आपणच करणे त्यामुळे अपरिहार्य ठरते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. सीसीआर-५ हे मूलतः पेशींना दिशा देणारे जनुक आहे. एचआयव्हीने त्याचा प्रवेशद्वार म्हणून आणि कर्करोगाने प्रसाराचे साधन म्हणून उपयोग करून घेतला. त्याच्या अभावी एका रोगापासून संरक्षण मिळते, तर दुसऱ्या रोगात उणीव निर्माण होते. भारतीयांत डेल्टा-३२ जवळजवळ नसल्यामुळे बर्लिनचा मार्ग आपल्या रुग्णांसाठी खुला नाही. त्यांच्यासाठी आज उपलब्ध असलेला खात्रीचा मार्ग म्हणजे वेळेवर तपासणी आणि अखंड औषधोपचार हाच होय. कर्करोगाच्या बाबतीत ग्राहींच्या ज्ञानाचा खरा लाभ, उपचारपेशींना गाठीपर्यंत नेणारा पत्ता लिहिण्यात मिळण्याची शक्यता अधिक दिसते.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांत या विषयाचे प्रयोग करण्याची साधने नसतात, हे खरे आहे. परंतु हार्डी-वाइनबर्गचे गणित फळ्यावर मांडण्यास, ३२ आधारकजोड्या गळाल्यावर वाचनचौकट कशी बदलते हे कागदावर दाखविण्यास आणि बातमीतील आशा व वस्तुस्थिती यांतील अंतर समजावून देण्यास केवळ खडू आणि फळा पुरेसा आहे. आपल्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याच्या घरी एचआयव्हीचा किंवा कर्करोगाचा रुग्ण असू शकतो आणि त्याने ते कोणालाही सांगितलेले नसू शकते. 'चांगले जनुक' आणि 'वाईट जनुक' अशा शब्दांचा वापर टाळून, रोग हा दोष किंवा शिक्षा नसून पेशींच्या व्यवहारातील एक घटना आहे, ही दृष्टी त्याला देता आली, तर या विषयाचे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल.